राजवाड्याच्या पहाऱ्यासमोर उभं राहताना

लाल कोट, डोक्यावर अस्वलाच्या केसांची उंच टोपी, समोर खिळलेली नजर. लंडनच्या या पहारेकऱ्यांना हसवायचे आणि दचकवायचे व्हिडिओ इतके फिरलेत की तिथे जाणाऱ्या बऱ्याच जणांना हा एक खेळच वाटतो. समोरचा हलत नाही, बोलत नाही, म्हणजे त्याच्याशी काहीही केलं तरी चालतं, असा हिशेब. तो माणूस शोभेसाठी नेमलेला नट नाही, ब्रिटिश लष्करातला सेवेतला सैनिक आहे. पलटणीची पाळी संपली की हीच मुलं मोहिमांवर जातात. त्याच्या रायफलीवरची संगीन खरी असते. शिवाय गप्प उभं राहणं हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. कामाच्या दुसऱ्या भागात ओरडणं, रायफल पुढे धरणं आणि वेळ आली तर माणूस अडकवून ठेवणं हेही येतं.

थट्टेने वैतागलेले पहारेकरी ही मोबाइलच्या जमान्यातली गोष्ट नाही. बकिंगहॅम पॅलेसचे पहारेकरी १९५९ पर्यंत कुंपणाच्या बाहेर, लोकांच्या अगदी हाताशी उभे असत. एका पर्यटक बाईने कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पायदळ पलटणीच्या एका सैनिकाला बराच वेळ छळलं आणि चालता चालता त्याची लाथ तिच्या घोट्यावर बसली. तक्रार झाली, सैनिकाला दहा दिवस बराकीत डांबलं गेलं आणि थोड्याच काळात पहारा लोखंडी कुंपणाच्या आत गेला. म्हणून बकिंगहॅमला आज पहारेकरी लांबूनच दिसतो. जवळून दिसतो तो विंडसर कॅसल, टॉवर ऑफ लंडन आणि व्हाइटहॉल रस्त्यावरच्या हॉर्स गार्ड्स या घोडदळाच्या पहाऱ्याला, आणि घोळही बहुतेक तिथेच होतात.

पायदळाचा पहारेकरी साधारण दोन तास उभा असतो, मग त्याला चार तास सुट्टी. दोन तास पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं हा मात्र गैरसमज. अधूनमधून तो सावधान होतो, रायफल खांद्याला लावतो आणि आपल्या चौकीसमोर पंधराएक पावलं चालून, वळून परत येतो. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की पुन्हा जागेवर. पर्यटकांची गफलत होते ती इथे. पाच मिनिटं तो ढिम्म हललेला नसतो, म्हणून लोक त्याच्या बाजूला, थेट चालण्याच्या रेषेत फोटोसाठी उभे राहतात. मग तो अचानक टाच आपटतो आणि चालू लागतो. थांबत नाही, वळसा घालत नाही. रेषेत कोण उभं आहे, ही त्याची चिंता नसते.

ती रेषा ओळखायची कशी? काही ठिकाणी दोरी किंवा साखळी असते, ती असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर खाली फरशीकडे बघा. रोजच्या बुटांनी दगड घासून गुळगुळीत झालेला पट्टा बऱ्याचदा दिसतो. तोही नसेल तर पहारेकऱ्याच्या चौकीच्या डाव्या-उजव्या बाजूला भिंतीला समांतर पंधरा पावलं मोजा आणि तेवढा पट्टा त्याचा समजा. फोटो काढायचा तर त्या पट्ट्याच्या बाहेर, त्याच्या समोर तिरकं, दोन-तीन मीटरवर उभं राहावं. तिथून चौकट चांगली मिळते आणि तो चालू लागला तरी तुमच्या अंगावर येत नाही. त्याच्या मागे किंवा चौकी आणि त्याच्या मध्ये कधीही शिरू नका. वळताना रायफल त्याच्याबरोबर फिरते. संगिनीचं टोक तेव्हा कुठून जातंय हे त्याला दिसत नसतं.

त्याला काय दिसतं, हेही लक्षात घ्यायला हवं. टोपी जवळपास ४५ सेंटिमीटर उंच, वजन पाऊण किलोच्या आसपास. ती कपाळावर पुढे ओढलेली असते, हनुवटीजवळून साखळी गेलेली असते आणि मान वळवायची मुभा नसते. समोरचं त्याला नीट दिसतं, पण पायाजवळ आलेलं चार वर्षांचं मूल दिसेलच याची खात्री नाही. डिसेंबर २०२१ मध्ये टॉवर ऑफ लंडनला नेमकं असंच घडलं. दोन सैनिक गस्तीच्या वाटेवर कूच करत होते, लोकांना बाजूला व्हायला सांगितलं गेलं होतं, तेवढ्यात एक मूल आडवं आलं. सैनिकाने ओलांडून जायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मूल खाली पडलं. सैनिक पुढे गेला आणि नंतर परत येऊन मुलाची विचारपूस करून गेला. व्हिडिओ पाहून जगभर लोक त्याच्यावर तुटून पडले. पण तालात चाललेला माणूस जागच्या जागी थांबला तर मागचा त्याच्यावर आदळतो, आणि दोघांच्याही रायफलीला संगीन असते. शिवाय बुटांच्या तळाला लोखंड, खाली जुना दगड. हे सगळं लक्षात घेतलं तर प्रसंग एवढ्यावर निभावला, हेच बरं.

म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर आत शिरण्याआधी त्यांना एकच गोष्ट सांगून ठेवा: बुटांचा आवाज आला की भिंतीकडे. 'धावू नकोस', 'हात लावू नकोस', 'हसू नकोस' अशी यादी मुलांच्या डोक्यात राहत नाही. टॉवरमध्ये पहारेकरी क्राउन ज्वेल्स, म्हणजे राजमुकुट आणि राजघराण्याचे दागिने, ठेवलेल्या इमारतीसमोर आणि किंग्ज हाउससमोर असतात. त्या भागात मुलाचा हात धरून चालावं, बाबागाडी कडेला लावावी आणि तिचा ब्रेक आठवणीने दाबावा. तिथली जमीन सपाट नाही.

ओरडला तर काय करायचं?

पहारेकऱ्याच्या इशाऱ्यांना चढत जाणाऱ्या पायऱ्या असतात आणि त्या ओळखता आल्या तर तुम्ही पहिल्याच पायरीवर सुटता. पहिली म्हणजे बूट जोरात आपटून सावधान होणं. बहुतेकांना हा कवायतीचा भाग वाटतो आणि ते खूश होऊन फोन वर करतात. त्याची चालायची वेळ नसताना तो तुमच्याकडे तोंड करून असा टाच आपटत असेल तर तो तुम्हाला उद्देशून आहे असं समजा. तेवढ्याने भागलं नाही तर तो ओरडतो: 'स्टँड बॅक फ्रॉम द किंग्ज गार्ड!' चालताना वाटेत कोणी असेल तर 'मेक वे फॉर द किंग्ज गार्ड!' आवाज कवायतीच्या मैदानावरचा असतो, छातीत धस्स होतं. तरीही समोरचा ऐकत नसेल तर रायफल खांद्यावरून खाली येऊन छातीसमोर आडवी धरली जाते आणि पुन्हा एकदा बजावलं जातं. त्यापुढे तो माणसाला ताब्यात घेऊ शकतो किंवा चौकीतलं बटण दाबून मदत बोलावू शकतो. मग आतून सैनिक येतात, बाहेरून पोलिस.

ओरडल्यावर करायचं ते एवढंच: सरळ मागे दोन-तीन पावलं, त्याच्या वाटेपासून दूर. हात मोकळे दिसू द्या. माफी मागत त्याच्या जवळ जाऊ नका. हे बऱ्याच सभ्य माणसांकडून होतं: ओरडा खाल्ला म्हणून वरमून ते 'सॉरी, सॉरी' करत पुढे सरकतात आणि त्याच्या दृष्टीने अजून एक पाऊल आत येतात. तो माफी स्वीकारणार नाही, रागही धरणार नाही. मागे झालात की त्याच्यापुरतं प्रकरण संपलं.

तोंडासमोर हात हलवणं, टोपीच्या केसांना हात लावणं, खिशात चिठ्ठी कोंबणं, शेजारी उभं राहून त्याच्या चालीची नक्कल करणं, हे सगळं त्याच पायऱ्यांवर नेतं. अंगाला हात लावणं थेट शेवटच्या पायऱ्यांवर. कुंपण ओलांडून आत उतरणं तर स्वतंत्र गुन्हाच आहे. २००५ च्या सिरियस ऑर्गनाइज्ड क्राइम अँड पोलीस ॲक्टच्या कलम १२८ खाली बकिंगहॅम पॅलेससारख्या ठरावीक जागांत विनापरवाना शिरलं तर अटक होते. मजेत उडी मारली हा बचाव तिथे टिकत नाही.

पोलिस एवढे ताठर का, याचं कारण ओटावात आहे. २२ ऑक्टोबर २०१४ ला कॅनडाच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर मानवंदनेच्या पहाऱ्यावर उभ्या असलेल्या कॉर्पोरल नेथन सिरिलो यांना एका बंदूकधाऱ्याने मागून गोळ्या घालून ठार मारलं. त्यांच्या रायफलीत गोळ्या नव्हत्या. त्यानंतर बऱ्याच देशांत समारंभी पहाऱ्याच्या आसपास सशस्त्र पोलिस दिसू लागले. हॉर्स गार्ड्सच्या घोड्यांशेजारी आज बंदूक घेतलेला पोलिस उभा असतो तो अशा हल्ल्यांच्या भीतीनेच. तेव्हा पहारेकऱ्याच्या दिशेने धावत जाऊन ऐन वेळी वळणं, पाठीमागून 'भॉक' करणं, बॅगेतून काहीतरी झटकन बाहेर काढणं, हे प्रकार ज्याला विनोद वाटतात त्याने आधी त्या पोलिसाच्या जागेवरून विचार करावा. त्याच्याकडे ठरवायला दोन सेकंद असतात.

याची दुसरी बाजूही आहे. कधी व्हीलचेअरवरचा कोणी, कधी एखादे वृद्ध गृहस्थ, कधी छोटासा लाल कोट घातलेलं पोर शांतपणे लांब उभं असतं आणि पहारेकरी स्वतःहून पाऊलभर त्यांच्याकडे सरकतो, म्हणजे फोटोत दोघं येतात. हे घडतं आणि बघायला छान वाटतं. पण ते त्याने ठरवायचं असतं. 'आमच्यासाठीपण ये ना' म्हणून ते मिळत नाही.

घोड्यांचं प्रकरण वेगळं

पायदळाच्या पहाऱ्यावर दुखापती तशा कमी होतात. खरा धोका व्हाइटहॉलला, हॉर्स गार्ड्सच्या दोन कमानींत उभ्या असलेल्या घोडेस्वारांपाशी. सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत ते तिथे असतात, दर तासाला बदलतात. कमानी फुटपाथला लागून, मध्ये फारसं काही नाही. 'सावध, घोडे लाथ मारतात किंवा चावतात' अशी पाटी भिंतीवर ठळक लावलेली आहे, आणि लोक नेमके त्या पाटीखाली उभे राहून घोड्याच्या नाकावर हात फिरवतात.

हा घोडा म्हणजे सहाशे किलोच्या आसपासचं जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, अपवाद दोन जागांचा: शेपटीच्या बरोबर मागे आणि नाकाच्या बरोबर पुढे. माणूस कुरवाळायला हात नेतो तो नेमका नाकापुढे, म्हणजे घोड्याला न दिसणाऱ्या जागी. हात त्याला दिसता दिसता नाहीसा होतो आणि एकदम कातडीला लागतो. घोडा ओठांनी चाचपतो, मग दातांनी. दिवसभर शेकडो हात असे आले की तो चाचपणं सोडून थेट दातांवर येतो. जुलै २०२४ मध्ये एका बाईच्या दंडाला तिथे घोडा चावला आणि ती तिथेच चक्कर येऊन पडली. लोंबणारे केस, जॅकेटची टोपी, ओढणी, पर्सचा पट्टा यांनाही घोडा दात लावतो आणि मान झटकतो. त्या झटक्यात माणूस सहज ओढला जातो.

लगामाला हात लावणं याहून वाईट. स्वाराच्या उजव्या हातात उपसलेली तलवार असते. घोडा सांभाळायला उरतो एकटा डावा हात, आणि त्या हातातला लगाम घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी कडीला जोडलेला. तुम्ही लगाम धरलात की घोड्याच्या जबड्यात कळ जाते आणि त्याच क्षणी स्वाराच्या हातातला एकुलता एक ताबा सुटतो. घोडा मान वर फेकतो किंवा पुढे उसळी घेतो. जुलै २०२२ मध्ये एका बाईने असाच लगाम पकडला तेव्हा स्वार तिच्यावर किती जोरात ओरडला, ते व्हिडिओत ऐकू येतं. तेव्हाही 'केवढा उद्धटपणा' म्हणून चर्चा झाली. मला तर तो ओरडला हेच योग्य वाटतं. तिला लगेच मागे सरकवायला त्याच्याकडे दुसरं साधनच नव्हतं.

'पण ते शिकवलेले घोडे असतात ना?' असतात. गर्दी, बँड, तोफा, सगळ्याची सवय त्यांना लावतात. तरी २४ एप्रिल २०२४ ला लंडनच्या बेलग्रेव्हियात सकाळच्या सरावाला निघालेले याच घोडदळाचे घोडे बांधकामाच्या ठिकाणी उंचावरून राडारोडा कोसळल्याच्या आवाजाने बिथरले. स्वारांना पाडून भर रस्त्यांतून कित्येक किलोमीटर उधळले, बस-गाड्यांवर आदळले, माणसं आणि घोडे दोन्ही जखमी झाले. सवयीचा आवाज घोडा पचवतो. अनोळखी आवाज किंवा डोळ्याच्या कडेला अचानक उघडलेली छत्री त्याला पचेलच असं नाही. सेल्फी स्टिक, फुगे, वाऱ्यात फडफडणारी प्लास्टिकची पिशवी, फ्लॅश, सगळं त्याच यादीत.

फोटो काढायचा असेल तर घोड्याच्या तोंडापासून दोन मीटर तरी लांब राहा. मान लांबवून, बाजूला वळवून त्याचं तोंड दीड मीटरभर सहज पोहोचतं. समोरून नको, थोडं तिरकं, घोड्याला तुम्ही दिसाल असं उभं राहा. आणि घोड्याकडे पाठ करून सेल्फी घेऊ नका. त्यात सगळ्यात मोठी गोष्ट हातची जाते, ती म्हणजे कान. कान पुढे किंवा सैल असले तर ठीक. दोन्ही कान मागे मानेला चिकटले तर लगेच मागे व्हा. नाकपुड्या आखडणं, शेपटीचे फटकारे, पुढच्या पायाने जमीन उकरणं, मान वरखाली झटकणं, हेही तेच सांगतात. फोटो काढणारा जर दुसरा कोणी असेल तर त्याला कॅमेऱ्यात बघता बघता कानांवर नजर ठेवायला सांगा.

खायला काही देऊ नका. तोंडात लोखंडी कडी असताना घोड्याला नीट चावता-गिळता येत नाही, घास अडकू शकतो. शिवाय हातातून खाऊ मिळतो हे एकदा कळलं की पुढचा प्रत्येक हात तो तपासून बघतो. आज दिलेलं सफरचंद उद्या दुसऱ्या कोणाच्या बोटांवर निघतं.

चावलाच तर? घोड्याचे पुढचे दात कापण्यापेक्षा चिरडतात. कातडी फाटली नाही तरी आत मोठी इजा असू शकते, बोटाचं हाड मोडू शकतं. अंगठी, घड्याळ, बांगडी लगेच काढा. सूज चढली की निघत नाही. जखम उघडी असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पाचेक मिनिटं धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते त्यांना सांगावं लागेल. चक्कर येत असेल तर तिथेच खाली बसा, पण आधी घोड्यापासून लांब होऊन.

गर्दी आणि ऊन

बकिंगहॅमला पहारा बदलण्याचा सोहळा साधारण सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी असतो. पावणेअकराच्या सुमारास हालचाल सुरू होते, मुख्य भाग ११ वाजता. पाऊस जोराचा असेल तर ऐन वेळी रद्द होतो. कुंपणाला नाक लावून बघायचं तर दहाच्या आधी पोहोचावं लागतं, म्हणजे दोन तास एका जागी उभं राहणं आलं. आणि त्या दोन तासांत पहारेकऱ्याच्या शरीरात जे होतं तेच तुमच्याही होतं. न हलता उभं राहिलं की पायांतलं रक्त वर ढकलणाऱ्या पोटऱ्या थंड पडतात, रक्त खाली साठतं, मेंदूला कमी पडतं. १० जून २०२३ ला ट्रूपिंग द कलर या राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाच्या सरावात, तापमान ३० अंशांच्या घरात असताना, लोकरी कोट आणि त्या टोप्या घातलेले निदान तीन सैनिक भोवळ येऊन कोसळले. सैनिकांना बुटांतल्या बुटांत बोटं हलवायला आणि न दिसेल असं वजन टाचेवरून चवड्यावर न्यायला शिकवतात. तुम्हाला कोणी बघत नाही, तुम्ही खुशाल पाय हलवा, पोटऱ्या आवळा-सोडा, घोट घोट पाणी प्या. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले तर कुंपणाला धरून तग धरू नका, खाली बसा.

सैनिक कोसळला तर धावत दोरीच्या आत जाऊ नका. शेजारचे सैनिक जागचे हलत नाहीत हे बघून लोकांना वाईट वाटतं, पण त्यांना हलायचंच नसतं. उचलायला वेगळी माणसं असतात आणि ती मिनिटभरात येतात. तुम्ही मध्ये आलात तर त्यांची वाट अडते.

याच गर्दीत खिसेकापूंचं फावतं. दोन्ही हात फोन धरून डोक्यावर, नजर बँडवर, पाठीला सॅक: याहून सोपं गिऱ्हाईक त्यांना मिळत नाही. सॅक पोटाशी घ्या, पासपोर्ट आतल्या खिशात. मुलांना खांद्यावर घ्या, पण कुंपणाला खेटून नाही, वर भाल्यासारखी टोकं आहेत. एवढी रेटारेटी नको असेल तर बर्डकेज वॉकवरच्या वेलिंग्टन बॅरेक्सपाशी किंवा सेंट जेम्स पॅलेसच्या फ्रायरी कोर्टपाशी थांबावं. पहारा तिथूनच निघतो, माणसं कमी असतात आणि कपड्यांचे बारकावे दिसतात.

त्या बारकाव्यांवरून तर पलटण लांबूनच ओळखता येते. कोटाची बटणं एकेक, समान अंतरावर असतील तर ग्रेनेडियर; जोडीजोडीने कोल्डस्ट्रीम; तीन-तीन स्कॉट्स; चार-चार आयरिश; पाच-पाच वेल्श. टोपीवरचा तुराही बघा: ग्रेनेडियरचा डावीकडे पांढरा, कोल्डस्ट्रीमचा उजवीकडे लाल, आयरिशचा उजवीकडे निळा, वेल्शचा डावीकडे पांढरा-हिरवा-पांढरा, स्कॉट्सला तुरा नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवलं की हसवण्यापेक्षा ओळखण्यात त्यांचा वेळ जास्त छान जातो. अस्वलाची टोपीच दिसली नाही तर गोंधळू नका, अधूनमधून गुरखे किंवा इतर पलटणीही पहाऱ्यावर येतात.

बाकीच्या जागा, थोडक्यात

अमेरिकेत आर्लिंग्टनच्या अनामिक सैनिकाच्या समाधीवर लंडनचे ठोकताळे चालत नाहीत. ती दफनभूमी आहे. १९३७ पासून तिथे रात्रंदिवस पहारा आहे. सैनिक २१ पावलं चालतो, वळून २१ सेकंद थांबतो, पुन्हा २१ पावलं. २१ तोफांच्या सलामीचा संदर्भ. रायफल नेहमी समाधीच्या विरुद्ध खांद्यावर, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला. एप्रिल ते सप्टेंबर पहारा दर अर्ध्या तासाने बदलतो, एरवी दर तासाला. बदलताना सगळ्यांनी उभं राहायचं आणि बोलायचं नाही. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी बसून शांत राहिलं तरी चालतं. कुजबुज वाढली, कोणी साखळीच्या आत पाय टाकला, तर सैनिक जागेवर थांबतो, लोकांकडे वळतो आणि शांतता व आदर राखायला खड्या आवाजात सांगतो. फोन सायलेंटवर टाकणं पुरत नाही, दगडी कठड्यावर ठेवलेला फोन थरथरला तरी तिथे ऐकू येतो. बंदच करावा.

अथेन्सला संसदेसमोर एव्झोन हे ग्रीक सैनिक उभे असतात: गोंडेवाले जड बूट, तळाला साठेक खिळे, आणि रविवारी व सणावारी चारशे चुण्यांचा पांढरा घागरा. इथे शेजारी उभं राहून फोटो काढू देतात, पण बाजूला साध्या गणवेशातला एक सैनिक फक्त त्यासाठीच असतो. तोच एव्झोनचे कपडे नीट करतो, त्याचा घाम पुसतो आणि लोकांना हाकतो. त्याने हाताने 'मागे' म्हटलं की मागे. एव्झोनच्या हाताला हात लावणं, त्याच्यासारखा पाय वर करून पोझ देणं, हे तो चालू देत नाही. एव्झोनने रायफलीचा दस्ता दगडावर आपटला तर ती त्या सैनिकाला मारलेली हाक असते.

व्हॅटिकनचे स्विस गार्ड रंगीबेरंगी कपड्यांमुळे सगळ्यात शोभेचे वाटतात, पण १५०६ पासून पोपच्या रक्षणाचं काम तेच करतात. ते बोलतात, वाट सांगतात, अडवतातही. लंडनच्या टॉवरमध्येही बोलणारी माणसं आहेत. गडद निळ्या-लाल पोशाखातले यिओमन वॉर्डर म्हणजे निदान २२ वर्षं सैन्यात काढलेले निवृत्त लोक. ते टॉवर फिरवून दाखवतात, त्याचे पैसे तिकिटातच आलेले असतात. त्यांच्याबरोबर फोटो काढा, लाल कोटवाल्याला विचारायचे होते ते सगळे प्रश्न त्यांना विचारा. टोपीत उकडतं का, नाकावर माशी बसली तर काय करतात, संगिनीला धार असते का, याची उत्तरं ते रोज देतात. फक्त रात्री पावणेदहानंतर किल्ल्यांचा, म्हणजे टॉवरच्या दारांना कुलूप लावण्याचा, विधी सुरू झाला की तेही कामावर असतात. तिथे कॅमेरा चालत नाही आणि तिकीट बरंच आधी काढून ठेवावं लागतं.